‘संभाव्य मूळ’ की ‘बहुधा मूळ’?

(बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने.)

साखळी: शाळेच्या प्रदर्शनातल्या तक्त्यावर एक वाक्य अडलंय. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या यंत्राने ती ‘प्रॉबेबल प्राइम’ ठरवली, १२ ला टेक्सासमधल्या यंत्राने ‘प्राइम’ असल्याचं पक्कं केलं. पहिल्याला ‘संभाव्य मूळ संख्या’ चालेल?

म्हापसा: नको. संभाव्य म्हणजे पुढे होऊ शकेल असं; संभाव्य उमेदवार, संभाव्य तारीख. संख्या उद्या मूळ होत नाही. अपुरी असते ती आपली खात्री. ‘बहुधा मूळ’ लिहा.

फोंडा: दोन्हींत नेमकेपणा नाही. तिने फर्माची कसोटी पार केली, एवढाच अर्थ आहे: २ किंवा ३ सारख्या संख्येचा, तपासायच्या संख्येपेक्षा एकने कमी घात घ्यायचा, तिनेच भागायचा; ती मूळ असेल तर बाकी १ उरते. ३४१ = ११ × ३१, तरी २ चा ३४० वा घात ३४१ ने भागला की बाकी १ च उरते, मूळ संख्येसारखी. २ ऐवजी ३ घेतला तर बाकी ५६, आणि सोंग उघडं पडतं. मर्सेन संख्यांना (२ चा घात वजा १; आपलीही तशीच) तर २ घेऊन उपयोगच नाही: घातांक मूळ असला की सगळ्या पार होतात, २०४७ = २३ × ८९ सुद्धा. म्हणून तिथे ३ घेतात. ‘कसोटी-उत्तीर्ण’ म्हणा.

डिचोली: मग पक्कं करणारी ल्युका-लेमर कसोटीही तक्त्यावर हवी. ४ पासून सुरुवात; वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ. ३१ साठी (घातांक ५) तीन पायऱ्या: १४, ८, ०. मुलं फळ्यावर करतील.

मडगाव: पण ‘मूळ’ कशाला? वर्गमूळ आहे, समीकरणाची मुळं आहेत. हिंदीतलं ‘अभाज्य’ किती स्वच्छ.

म्हापसा: आपल्याकडे भाज्य म्हणजे ज्याला भागायचं ते. १७ भागिले ५ मध्ये १७ भाज्यच की!

मडगाव: ‘अविभाज्य’ घ्या मग. जुना शब्द आहे.

फोंडा: तो ‘इरिड्युसिबल’साठी राखा, म्हणजे जिचे आणखी अवयव पडत नाहीत तिच्यासाठी. मूळ संख्या मात्र गुणाकाराला भागते तेव्हा त्यातल्या एका तरी अवयवाला भागतेच. पूर्णांकांत फरक पडत नाही, पण उणे ५ चं वर्गमूळ मिसळलं की ६ = २ × ३ आणि ६ = (१+√−५)(१−√−५) असे अवयव दोन तऱ्हांनी पडतात. तिथे २ फुटत नाही, पण ६ ला भागत असूनही दोन्ही कंसांपैकी एकालाही भागत नाही. अविभाज्य आहे, मूळ नाही.

पेडणे: ‘मूळ’च योग्य. देवळातला मूळपुरुष आठवा: ज्याच्यापासून बाकीचे निघाले तो.

मडगाव: तसं असेल तर १ का मूळ नाही?

डिचोली: कारण १ धरला तर १२ चे मूळ अवयव २ × २ × ३ एवढेच राहत नाहीत, पुढे हवे तितके १ जोडता येतात.

साखळी: तक्ता शुक्रवारी छापायला द्यायचाय. संभाव्य की बहुधा?

पेडणे: ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ असं शीर्षक टाकलं नाही ना? ‘ज्ञात’ हवं. मूळ संख्या संपत नाहीत, हे युक्लिडने केव्हाच सिद्ध केलंय.