रिलेला डायोड लावला तरी पंप बंद करताना बोर्ड रीसेट होतो

प्रश्न:
ईएसपी८२६६ (वाय-फायचा कंट्रोलर बोर्ड) च्या पिनवरून १ किलोओहमचा रेझिस्टर, पुढे बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्यावर १२ व्होल्टचा रिले (कॉइलने चालणारा स्विच), कॉइल ४०० ओहम. रिले २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (जड लोडसाठीचा मोठा रिले) ओढतो आणि कॉन्टॅक्टरवर पंप. आधी रिलेच्या कॉइलवर डायोड नव्हता. दोन ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन गेले. १एन४००७ डायोड लावल्यापासून ट्रान्झिस्टर टिकतो, पण पंप बंद करताना मधूनच बोर्ड रीसेट होतो. ४००७ संथ पडतो का? त्याऐवजी वेगवान १एन४१४८ डायोड लावू का?

उत्तर १:
डायोड बदलून काही होणार नाही. कॉइलमधून ३० मिलिअँपिअर वाहतात. ट्रान्झिस्टर बंद झाला की तोच प्रवाह डायोडमधून फिरतो. ४००७ ला तो किरकोळ आहे. वाट नसली तर कलेक्टरवरचा विद्युतदाब चढत जातो आणि बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्टची. म्हणून आधीचे दोन गेले. डायोडची पट्टी +१२ कडे, दुसरं टोक कलेक्टरला, आणि जोडणी रिलेच्या पायांजवळच हवी. उलटा लागला तर रिले ओढताक्षणी ट्रान्झिस्टर जळतो.
आता कॉन्टॅक्टरची वायर काढून रिले ५० वेळा चालू-बंद करा.

प्रश्नकर्ता:
केलं. एकदाही रीसेट नाही.

उत्तर २:
मग उपद्रव कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा आहे. रिलेचा संपर्क उघडताना तिथे ठिणगी पडते आणि तो झटका वायरिंगमधून बोर्डपर्यंत येतो. एसी कॉइलला डायोड चालत नाही, अर्ध्या सायकलला शॉर्ट होईल. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची टोकं ए१ आणि ए२, त्यांवर १०० ओहम १ वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर सिरीजमध्ये लावा. कपॅसिटर एक्स२ प्रकारचा (थेट मेनवर लावायचा), २७५ व्होल्ट एसीचाच घ्या. साधा ५० व्होल्टचा चकती कपॅसिटर इथे फुटतो. मेन स्विच बंद करूनच हात घाला.
हा जोड रिलेच्या संपर्कावर लावू नका. ५० हर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरडमधून ७ मिलिअँपिअर गळतात. लहान कॉन्टॅक्टर तेवढ्यावर गुणगुणतो, कधी सुटतच नाही. कॉइलवर लावला की कपॅसिटर कॉइलमधूनच रिकामा होतो, त्यासाठी वेगळा रेझिस्टर लागत नाही. जोडीला २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) असला तर उत्तम.

उत्तर ३:
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. नुसत्या डायोडने रिलेच्या कॉइलचा प्रवाह सावकाश मरतो, संपर्क रेंगाळत उघडतो आणि ठिणगी जास्त वेळ टिकते. संपर्क काळे पडत असतील तर ४००७ सोबत सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टला उलटा वाहणारा डायोड) लावा: ४००७ ची पट्टी +१२ कडे, झेनरची पट्टी कलेक्टरकडे, पट्टी नसलेली टोकं एकमेकांना. कलेक्टरवर १२ + २४ + ०.७, म्हणजे साधारण ३७ व्होल्ट येतात. ४५ च्या आत. ३६ व्होल्टचा झेनर घेतलात तर ट्रान्झिस्टर पुन्हा जाईल. ट्रान्सफॉर्मरचा अनरेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर न ठेवणारा) अडॅप्टर असेल तर आधी व्होल्टेज मोजा. हलक्या लोडवर तो १६-१७ व्होल्ट देतो. तसं असेल तर झेनर १८ चा घ्या.