आजोबांचा रोलगोल्डचा चष्मा रोज वापरायचा आहे. सांगली-मिरजेत कुणाकडे न्यावा?

गावभागची_लेक:
नमस्कार मंडळी. आजोबांचे दोन चष्मे माझ्याकडे आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा दोन्ही तळच्या ट्रंकेत होते. चिखल धुऊन ठेवून दिले, ते आता बाहेर काढलेत. एक गोल, सोनेरी, कानामागे वळणाऱ्या तारेच्या काड्यांचा. आतून बारीक अक्षरांत '१/१० १२ के जीएफ' कोरलंय. त्याची एक बिजागरी हलतच नाही, नाकाच्या पुलाखाली हिरवं कीट साचलंय. दुसरा तपकिरी शेल फ्रेमचा. एका दुकानात काडी सरळ करायला म्हणून तो हीटरवर धरला आणि बिजागरीपाशी तडा गेला. तेव्हापासून कुणाच्या हातात द्यायची भीती वाटते.
माझा दूरचा नंबर उणे अडीच, आता जवळचाही लागलाय. मी शाळेत शिकवते. शोकेसमध्ये ठेवायला नकोय, दिवसभर डोळ्यांवर हवाय.

भिंगवाला_मिरज:
ताई, चष्म्याच्या काचा घासून बसवण्यात माझी ३१ वर्षं गेली. गोल फ्रेम नक्की होईल.
ते आकडे म्हणजे वरचा सोन्याचा थर एकूण वजनाच्या दहावा हिस्सा आणि सोनं १२ कॅरटचं. जीएफ म्हणजे गोल्ड-फिल्ड, आपलं रोलगोल्ड. हा मुलामा नव्हे. खालच्या धातूवर सोन्याचा पत्रा चढवून मग तार ओढलेली असते, म्हणून थर जाड असतो आणि इतकी वर्षं टिकतो. पण घासला तर जातो. चिंच, रांगोळी, पॉलिशची पावडर, यातलं काहीही लावू नका. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरे. कीट लाकडी दातकोरणीनं काढा, पिनेनं नाही.
बिजागरीत पुराचा गाळ असणार. गंज सोडवायचं पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन स्क्रूच्या दोन्ही बाजूंना लावा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काडी जोरानं उघडू नका. स्क्रूचं डोकं तुटलं की ड्रिल करावं लागतं आणि एवढ्याशा नळीत ड्रिल भरकटलं तर बिजागरीच जाते.
जुन्या काचा फेकून देऊ नका, कुणाला देऊन टाकू पण नका. नवीन भिंग घासायला तोच फर्मा. भिंग केसभर मोठं राहिलं आणि फिटरनं स्क्रू आवळून बसवलं, तर चार महिन्यांनी रिमचा जोड सुटतो. दुकान निवडताना एवढंच विचारा: काचा तुम्ही इथे घासता की बाहेर पाठवता? समोर घासणारा बरा, बसली नाही तर पुन्हा चाकावर धरतो.

अजिंक्यताऱ्याखाली:
मी सातारचा. वडिलांची अशीच गोल फ्रेम सहा वर्षं रोज घालतोय. आधी हौसेनं काचेचीच भिंगं बसवली होती. दुपारपर्यंत नाकावर दोन लाल खड्डे पडायचे. फायबरची, म्हणजे प्लॅस्टिकची भिंगं घातल्यावर वजन निम्म्यावर आलं. उणे नंबराला लहान गोल फ्रेम उलट चांगली, कडा जाड दिसत नाहीत.

तंबोऱ्याची_तार:
तपकिरी फ्रेमबद्दल. आमचं घर मिरजेत सतारमेकर गल्लीच्या मागे. सतारीवर, तंबोऱ्यावर जी हस्तिदंतासारखी पांढरी नक्षी असते, ती बऱ्याचदा सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची. जुन्या चष्म्यांच्या फ्रेमही त्याच्या असायच्या. ताई, फ्रेम अंगठ्यानं जोरात चोळा, बोट गरम होईपर्यंत, आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. हीटरवर धरायची वस्तूच नव्हे ती, भडकन पेट घेते. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट, ते दुसरं प्लॅस्टिक.

गावभागची_लेक:
आत्ता चोळून बघितलं. कापूर! अगदी आरतीच्या ताटाचा वास. आणि तडा गेलाय तिथे बिजागरीचा धातू हिरवा पडलाय.

भिंगवाला_मिरज:
मग ती रोज घालू नका. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं, तीच धातू खाते. बंद डबीत ठेवलं तर वेग वाढतो. सुती कापडात सैल गुंडाळून, हवेशीर जागी आणि सोनेरी फ्रेमपासून लांब ठेवा. तडा चिकटवता येईल, पण शेजारी दुसरा जाईल. ही आजोबांची आठवण म्हणून असू दे. घालायचा तो गोल.

कृष्णाकाठ:
सराफाकडून गोल फ्रेमला नवा मुलामा का देत नाही? लखलखीत होईल.

भिंगवाला_मिरज:
आधी पॉलिश करतात, त्यात जुना जाड थर जातो आणि वर पातळ चढतो. घामानं वर्षभरात उतरेल. सोनं झिजून खालचा धातू उघडा पडला असेल, त्वचेला खाज येत असेल, तरच विचार करावा. त्या धातूत बहुधा निकेल असतं. जोड तुटलेला असेल तर मात्र सराफच हवा, त्यातही लेझरवाला. साध्या ज्योतीवर डाग दिला की आसपासचं सोनं काळं पडतं.
आणि ताई, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचं-जवळचं एकाच भिंगात, घेणार असाल तर फ्रेम नाकावर पक्की बसवून मगच माप घ्यायला सांगा. बुबुळापासून खालच्या कडेपर्यंत १६-१८ मि.मी. मिळालं तर वाचायचा भाग नीट बसतो.

गावभागची_लेक:
तीन रात्री तेल घातलं. चौथ्या दिवशी बिजागरी आपोआप सुटली आणि आतून मातीचा बारीक, तपकिरी दाणा बाहेर आला. कृष्णेचा गाळ, इतकी वर्षं तिथेच बसलेला. समोर काचा घासणारे एक काका हरभट रोडच्या आतल्या बोळात सापडले. त्यांनी दोनदा भिंग काढून पुन्हा घासलं, मी काही न सांगताच. बुबुळाखाली १७ मि.मी. मिळालं. आज पहिल्या तासाला फळ्यावरचंही वाचलं आणि हजेरीपटही. आजोबांच्या काचा कापसात गुंडाळून ठेवल्यात. भिंगवाला काका, मिरजेला आले की तुम्हाला दाखवायला घेऊन येते.