एएमए पॉझिटिव्ह, पण एएलपी नॉर्मल: ही टेस्ट करायलाच हवी होती का?

रानवारा:
धाकट्या बहिणीला सारखा थकवा येतो म्हणून डॉक्टरांनी तपासण्यांची भलीमोठी यादी लिहून दिली, त्यात एएमए (अँटी-मायटोकॉन्ड्रियल अँटीबॉडी, पीबीसी या लिव्हरच्या आजारात सापडणारी) पण होती. रिपोर्टमध्ये एएमए पॉझिटिव्ह, टायटर (अँटीबॉडीचं माप) १:८०. एएलपी, जीजीटी, एसजीपीटी, बिलिरुबिन हे लिव्हरचे आकडे सगळे नॉर्मल. पण 'पॉझिटिव्ह' ठळक अक्षरात छापलेलं, तेव्हापासून तिची झोप उडालीय. नेटवर पीबीसी शोधलं की अजून जुनं नाव येतं, प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस. २०१५ मध्ये ते बदलून कोलँजायटिस (पित्तनळ्यांची सूज) केलं कारण निदान होताना बऱ्याच जणांना सिरॉसिस नसतोच, पण घाबरलेलं माणूस तिथपर्यंत वाचतं कुठे? माझं स्पष्ट मत आहे की लिव्हरचे आकडे बिघडलेले नसतील तर ही टेस्ट लिहूच नये. पॉझिटिव्ह येऊनही उपचार सुरू करायचेच नसतील तर नुसती काळजी गळ्यात घालून काय मिळवलं?

सोनचाफा:
अजिबात पटलं नाही. मला स्वतःला पीबीसी आहे. एएमए पॉझिटिव्ह असल्याचं आधी कळलं होतं म्हणून दरवर्षी एलएफटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या) करत गेले, आणि एएलपी चढायला लागल्या लागल्या युडीसीए हे पीबीसीचं औषध सुरू झालं, वजनाच्या किलोमागे रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. हे औषध लवकर सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. पीबीसीची खाज असह्य होईपर्यंत थांबले असते तर मधली वर्षं फुकट गेली असती. बहिणीला कळलंय हे चांगलंच झालं, फक्त तिला नीट समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं.

रानवारा:
पण ताई, तुमची एएलपी वाढली, तिची वाढलेलीच नाहीये. आणि असल्या अँटीबॉडी तर धडधाकट माणसातही सापडतात ना?

काचपट्टी:
मी लॅबमध्ये हेच काम करते म्हणून मध्ये बोलते. दोघींच्या बोलण्यात एक गोष्ट राहतेय. धडधाकट माणसात सर्रास सापडते ती एएनए (पेशीच्या केंद्रकाला चिकटणारी वेगळी अँटीबॉडी), १:४० ला तर जवळपास ३० टक्के लोकांत आणि १:१६० ला सुद्धा ५ टक्क्यांत. एएमए तशी नाही, ती निरोगी लोकांत क्वचितच दिसते आणि पीबीसीच्या ९० ते ९५ टक्के पेशंटमध्ये असते, त्यामुळे दोन्ही एका मापाने मोजू नका.

आता टायटर. उंदराच्या किडनीचा पातळ काप असलेल्या स्लाइडवर पेशंटचं सीरम पातळ करून टाकतो, अँटीबॉडी असली तर ती तिथल्या मायटोकॉन्ड्रियाला चिकटते, मग चमकणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघतो. किडनीच्या नळ्या हिरव्या दाणेदार चमकल्या की पॉझिटिव्ह. १:८० म्हणजे ८० पट पातळ करूनही चमक दिसली. पण हे डोळ्यांनी बघायचं काम, एकाला १:८० वाटेल तिथे दुसरा १:४० लिहील, एवढा फरक चालतोच. म्हणून पुढच्या वेळी १:१६० आलं तर आजार दुप्पट झाला असं धरू नका. टायटरवरून पीबीसी किती वाढलाय ते कळत नाही, म्हणून उपचार चालू असताना परत परत एएमए करण्यातही अर्थ नसतो. एम२ एलायझा ही एएमए तपासायची, स्लाइडशिवायची वेगळी पद्धत आहे, त्यामुळे दोन्हींचं उत्तर कधीकधी जुळत नाही.

सोनचाफा:
हेच तर म्हणते मी! पीबीसी म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात, एएमए, वाढलेली एएलपी आणि लिव्हरच्या बायोप्सीतली खूण. बहिणीकडे सध्या एकच आहे, म्हणजे आज तिला आजार आहे असं म्हणता येत नाही. पण फ्रान्समधल्या २०१७ च्या अभ्यासात अशाच लोकांपैकी, म्हणजे एएमए पॉझिटिव्ह आणि एएलपी नॉर्मल, साधारण १६ टक्क्यांना ५ वर्षांत पीबीसी झाला. सहातला एक. विसरून जाण्याइतका लहान आकडा नाही हा.

रानवारा:
आणि सहातल्या पाच जणांना त्या ५ वर्षांत झाला नाही, हे रिपोर्ट हातात देताना कुणी का सांगत नाही? माझा राग त्यावर आहे.

उंबरठा:
निगेटिव्हचंही बोला की कुणीतरी. माझ्या आईची एएमए निगेटिव्ह आली आणि लिव्हरचा प्रश्न नाही म्हणून फाइल बंद, एएलपी वाढलेली असून! नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी एसपी१०० आणि जीपी२१० या एएनएच्या खास टेस्ट केल्या तेव्हा पीबीसी सापडला. आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस तर पूर्ण वेगळं प्रकरण आहे, तिथे एएनए, एएसएमए, लहान मुलांत एलकेएम१ या अँटीबॉडी बघतात, सोबत आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा एक प्रकार) वाढलंय का ते आणि बायोप्सी. नुसत्या अँटीबॉडीवर हो पण नाही आणि नाही पण नाही.

रानवारा:
ठीक, दरवर्षी एलएफटी करायची हे मान्य, बहिणीलाही सांगते. पण थकव्यासाठी सरसकट एएमए लिहायला माझा विरोध कायम आहे.

सोनचाफा:
सरसकट नको, इथे माझंही तेच मत. पण आता आलीच आहे तर हा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. पुढे कधी एकटी एएलपी वाढलेली दिसली तर जीजीटी सोबत करून घ्या, कारण एएलपी हाडांमुळेही वाढते आणि प्रेग्नन्सीतही. ती लिव्हरचीच निघाली तर मात्र थांबू नका, थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे.

काचपट्टी:
आणि थकव्याचं कारण अजून सापडलेलं नाही ना? थायरॉइड आणि हिमोग्लोबिन झालंय का तिचं?