पश्चिममुखी घर, काळी माती, नागपूर: उन्हाळ्यात संध्याकाळी बसता येईल अशी बाग कशी आखावी?

अंगण_30बाय20
घर एकमजली, गच्चीच्या कठड्यासकट उंची 14 फूट. पुढे पश्चिमेला 30 बाय 20 फूट मोकळं अंगण. मागे पूर्वेला 12 फुटांची पट्टी, तिथे सध्या कपड्यांची दोरी आणि अडगळ. पाणी बोअरचं, जड. बेत असा: पुढे हिरवळ, मध्ये शहाबादी फरशीवर झोपाळा, कडेने मोगरा, सावलीला बहावा. एप्रिल-मेमध्ये सहा ते दहा बाहेर बसता यावं, एवढीच अपेक्षा. आता मे चालू आहे. लगेच काय करावं आणि काय पावसापर्यंत थांबवावं?

सावलीचं_गणित
झोपाळा मागे न्या, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मेमध्ये दुपारी तीनच्या सुमारास तुमच्या घराची सावली पूर्वेला साधारण 12 फूट पडते, म्हणजे अख्खी पट्टी सावलीत. सहापर्यंत तिथली जमीन आणि भिंत निवलेली असते. पश्चिमेची भिंत मात्र मावळतीपर्यंत ऊन खाते आणि रात्री उशिरापर्यंत ती धग बाहेर टाकत राहते. तिच्यासमोर कितीही फुलं लावली तरी दहाच्या आत तिथे बसवणार नाही.

बहावा सुंदर, पण सावलीसाठी चुकीचं झाड. फुलायच्या आधी त्याची पानं झडतात, नेमकी उन्हं चढतात तेव्हा. पुढे करंज लावा. त्याचीही पानगळ होते, पण नवी पालवी लवकर येते आणि मेमध्ये सावली दाट असते. भिंतीपासून 12 फूट तरी लांब हवा. काळ्या मातीतला ओलावा मुळांनी ओढला की माती आकसते आणि पाया तडकतो.

हिरवळ नकोच. 200 चौरस फुटांना दिवसाला 6 मिलिमीटर पाणी धरलं तरी 110 लिटर होतात, आणि बोअर मेमध्येच तळ गाठते.

काळीमाती
वरच्याशी सहमत. आता खोदकामाचं.

झाडाचा खड्डा 2 बाय 2 बाय 2 फूट आत्ताच खणून महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना 2 घमेली कुजलेलं शेणखत, 1 किलो निंबोळी पेंड, वरची माती. लागवड मृगाच्या सरी येऊन जमीन नीट भिजल्यावरच. मेमध्ये लावलेलं रोप दोन आठवडे हिरवं दिसतं आणि मग शेंड्याकडून वाळत येतं.

शहाबादी थेट काळ्या मातीवर बसवू नका, पावसाळ्यात माती फुगली की फरश्या उचलतात. 9 इंच माती काढा, 6 इंच मुरूम पाणी मारून ठोका, वर 2 इंच दगडाची चुरी, मग फरशी. उतार घरापासून बाहेर, 10 फुटांना 2 इंच.

पट्टीवर मांडव हवा असेल तर 2 इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, उंची साडेआठ फूट. त्याहून खाली घेतला तर गरम हवा आत कोंडते. वर फूटभर अंतराने तार आणि त्यावर मधुमालती. पहिल्या उन्हाळ्यात पाइपला काथ्याची दोरी गुंडाळा, नाहीतर तापलेल्या लोखंडाला टेकून कोवळे शेंडे करपतात. वेल भरेपर्यंत 50 टक्के सावलीची हिरवी जाळी चालेल.

मोगरा_आणि_थेंब
मोगराही पूर्वेलाच लावा. त्याला पाच-सहा तास ऊन लागतं आणि दुपारचा चटका नको, ते दोन्ही तिथे मिळतं. जानेवारीत पाणी तोडून छाटणी करा, पंधरा दिवसांनी शेणखत देऊन पाणी सुरू करा. प्रत्येक बहरानंतर शेंडे खुडा, नवी फूट आली की कळ्या येतात. युरिया टाकला तर पानंच माजतात.

जड पाण्याने पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल असं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा. याच कारणाने अनंत लावूच नका, काळ्या मातीत तो कायम रडतो.

ठिबकला 16 मिमी नळी आणि वेलीला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, पहाटे तासभर. फिल्टर गाळ अडवतो, विरघळलेला क्षार नाही. म्हणून उघडता येणारे ड्रिपर घ्या आणि महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये बुडवा. पालापाचोळ्याचं 3 इंच आच्छादन फेब्रुवारीतच घाला. एकदा भेगा पडल्या की पाणी भेगेतून सरळ खाली जातं, मुळांना मिळत नाही. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.

अंगण_30बाय20
पटलं, झोपाळा मागे. तो मांडवाच्याच पाइपला टांगला तर? आणि पाण्याचं छोटं कुंड ठेवावं का?

काळीमाती
टांगू नका. मांडवाचे खांब वेलीचं वजन पेलतील, पण झोक्याचे हिसके वेगळे. मातीही उन्हाळ्यात आकसलेली असते, खांब मुळातच सैल होतात. झोपाळ्याला स्वतंत्र चौकट, पाया अडीच फूट खोल. कुंड ठेवायचं तर गप्पी मासे सोडा, नाहीतर सातव्या-आठव्या दिवशी डास उठवतील. गारव्यासाठी साडेपाचला फरशीवर एक सडा पुरतो, दोन बादल्या.