बाबांचे शेअर आणि कंपनीने लपवलेली थकबाकी: इंदूरमध्ये वकील सुचवा

रामबागची लेक: बाबांनी निवृत्तीच्या पैशातले साडेचार लाख एकाच कंपनीत घातले. कंपनीचे बँकेचे हप्ते थकले होते आणि तिने पाच महिने कुणाला कळू दिलं नाही. बातमी फुटली तसा भाव निम्म्याच्याही खाली आला. बाबा धड जेवत नाहीत. नेहरू पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या आणखी सहा जणांकडे हाच शेअर आहे. सगळ्यांनी मिळून दावा लावता येतो म्हणे. कोणी चांगला वकील सुचवेल का? बाबा उरलेले शेअर उद्याच विकायचं म्हणताहेत, विकू द्यावेत का?

जुना हिशेबनीस: ताई, आधी विकण्याचं बघा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४५ खालचा सामूहिक अर्ज सभासदांनीच, म्हणजे शेअर हातात असलेल्यांनीच करायचा असतो. सगळे शेअर विकले की बाबा सभासद राहत नाहीत. पैशांची नड असेल तर विका, पण थोडे डिमॅटमध्ये राहू द्या.

अर्जाला १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यातला कमी असेल तो आकडा लागतो. नाहीतर शेअर बाजारातल्या कंपनीचं २ टक्के भांडवल अर्जदारांकडे हवं. ते आपल्यासारख्यांना कुठून जमायचं! म्हणून माणसं जमवा. एक शेअरवालाही मोजला जातो. भरपाई संचालकांकडे आणि ऑडिटरकडेही मागता येते. कंपनी बँक असेल तर मात्र हे कलम लागू नाही.

खंडपीठवाला: वकील इंदूरचाच हवा असं धरून बसू नका. एनसीएलटीचं, म्हणजे हा अर्ज ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं खंडपीठ आपल्याकडे आहे, पण अर्ज जातो तो कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ज्या खंडपीठाच्या हद्दीत असेल तिथे. एनसीएलटीत नेहमी उभा राहणारा वकील बघा आणि कलम २४५ चा अर्ज कधी केलाय का, हे पहिल्याच भेटीत विचारा. बहुतेक जण नाही म्हणतील, कारण हे कलम फार कमी वापरलं गेलंय. जो सरळ नाही म्हणून अभ्यासाला वेळ मागेल, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसेल. निकाल लागल्यावर, न्यायाधिकरणाने मंजूर केला तर, खर्च गुंतवणूकदार संरक्षण निधीतून परत मिळू शकतो. उगीचचा अर्ज ठरला तर एक लाखापर्यंत भुर्दंड बसतो.

जुना हिशेबनीस: म्हणूनच तारखा पक्क्या करा. बँकेचा हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला तर त्यानंतर २४ तासांत शेअर बाजाराला कळवावं लागतं, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नियम आहे. बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवरची कंपनीची सगळी निवेदनं छापून ठेवा, सोबत बाबांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या खरेदी-विक्रीच्या पावत्या. लपवाछपवीच्या काळात केलेली खरेदी वेगळी काढा. सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रारही टाका. तिथून भरपाई मिळेल असं नाही, पण तक्रार नोंदीवर राहते.

मालव्यातली: सत्यम ही आयटी कंपनी आठवते का? ७ जानेवारी २००९ ला घोटाळा कबूल झाला. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात कंपनीने साडेबारा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडचे गुंतवणूकदार ग्राहक आयोगात गेले आणि रिकाम्या हाताने परतले. तेव्हा हे कलमच नव्हतं. आता आहे, तर वापरायलाच हवं.

रामबागची लेक: नोंदणीकृत कार्यालय मुंबईला निघालं. विक्री थांबवली आहे. बाबांनी स्वतः उठून कॉन्ट्रॅक्ट नोट्सची फाइल काढली, आता नावांची यादी करत बसलेत. सात झाली. हा शेअर असलेल्यांनी मला निरोप टाका.