मदत हवी आहे: सी मधल्या डीबगरचे मॅक्रो काढून अ‍ॅक्सेसर फंक्शन आणायची आहेत

नमस्कार मंडळी,

सी मध्ये लिहिलेला एक जुना डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) सध्या मी सांभाळतो. सिम्बॉल, टाइप, ब्लॉक या सगळ्या स्ट्रक्टची फील्डं त्यात मॅक्रोंमधूनच वाचली जातात. जीडीबी या प्रसिद्ध डीबगरमध्ये वर्षानुवर्षं होती तीच पद्धत. सिम्बॉल_क्लास(एस) लिहिलं की प्रीप्रोसेसर तिथे थेट (एस)->क्लास ठेवतो. हे मॅक्रो काढून फील्ड वाचणारी-लिहिणारी स्टॅटिक इनलाइन फंक्शन (अ‍ॅक्सेसर) आणायची आहेत.

हौस म्हणून नाही. टाइपची माहिती लागेल तेव्हाच फाइलमधून वाचायची, असा बदल पुढे करायचा आहे. त्यासाठी प्रत्येक वाचन एकाच दारातून गेलं पाहिजे. शिवाय काही मॅक्रोंत आर्ग्युमेंट दोनदा वापरलंय, त्यामुळे कंसात सिम्बॉल शोधणारं फंक्शन दिलं की शोध दोनदा होतो. आणि डीबगरलाच डीबग करताना तर फारच त्रास: -जी३ (मॅक्रोंचीही डीबग माहिती ठेवणारा पर्याय) लावून बिल्ड केला नसेल तर मॅक्रोचं नावसुद्धा ओळखलं जात नाही.

तीन ठिकाणी घोडं अडलंय. पहिलं, हे मॅक्रो बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडेही वापरलेत. ड्वार्फ (डीबग माहितीचा फॉरमॅट) वाचणारा कोड सर्रास सिम्बॉल_क्लास(एस) = लॉक_स्टॅटिक असं लिहितो, कुठे कुठे त्यापुढे & लावून पत्ताही घेतो. ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) सगळे सापडत नाहीत, कारण काही दुसऱ्या मॅक्रोच्या पोटात आहेत. दुसरं, सिम्बॉल_नेम हा एकच मॅक्रो पूर्ण सिम्बॉल, पार्शल सिम्बॉल (थोडीच माहिती वाचलेला) आणि मिनिमल सिम्बॉल (जेमतेम नाव-पत्ता असलेला) अशा तीन वेगळ्या स्ट्रक्टवर चालतो. फंक्शनला टाइप कोणता देऊ? तिसरं, काही मॅक्रो प्रोसेसरनिहाय हेडर फाइल #इफएनडेफने बदलतात.

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. सी++ कडे जाणं सध्या शक्य नाही.

प्रतिसाद १

डावीकडचे वापर ग्रेपने शोधत बसू नका, कंपायलरला शोधू द्या. मॅक्रो तात्पुरता ((व्हॉइड) ०, (एस)->क्लास) असा करा. सी मध्ये स्वल्पविरामाच्या एक्स्प्रेशनला काही असाइन करता येत नाही आणि त्याचा पत्ताही घेता येत नाही. त्यामुळे असे सगळे वापर, मॅक्रोच्या पोटातले सुद्धा, एरर म्हणून समोर येतील. तेवढे सेटर (फील्डमध्ये किंमत लिहिणाऱ्या) फंक्शनवर न्या. मग उरलेलं फक्त वाचन, ते बदलणं सोपं. (सी++ मध्ये ही युक्ती चालत नाही, तिथे स्वल्पविरामाचं उत्तर एलव्हॅल्यू (म्हणजे असाइन करता येईल असं) राहतं.)

एक जपा: फील्ड अ‍ॅरे असेल तर स्वल्पविरामानंतर त्याचा पॉइंटर होतो. त्या मॅक्रोवर कुणी साइझऑफ लावलं असेल तर एरर न येता आकडा बदलेल. ते वापर आधी हाताने बघून घ्या.

प्रतिसाद २

तीन स्ट्रक्टचं कोडं जीडीबीलाही पडलं होतं. तिन्हींत जीइन्फो नावाचं फील्ड होतं, म्हणून एकच मॅक्रो सगळीकडे चालायचा. पुढे मिनिमल सिम्बॉलमधल्या फील्डचं नाव एमजीइन्फो केलं आणि त्याच्यासाठी एमसिम्बॉल_ ने सुरू होणारे वेगळे मॅक्रो आले. नाव बदललं की चुकीच्या ठिकाणचा वापर कंपाइलच होत नाही. तुम्हीही फील्डांची नावं वेगळी करा, मग तीन फंक्शन लिहा. सी११ चं _जेनेरिक (टाइप बघून फंक्शन निवडणारी सोय) वापरून एकच नाव टिकवता येईल, पण माझ्या मते टिकवू नये. हातात मिनिमल सिम्बॉल आहे हे वाचणाऱ्याला दिसायलाच हवं, कारण त्याला टाइपची माहितीच नसते.

प्रोसेसरच्या मॅक्रोंसाठी फंक्शन पॉइंटरांचा एक स्ट्रक्ट करा आणि तो प्रत्येक फंक्शनला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून द्या. जीडीबीचा जीडीबीआर्च तोच. ग्लोबल चलात ठेवून काम लवकर होईल, पण तो ग्लोबल नंतर उपटून काढणं फार जड जातं. जिथे #इफडेफने "हा मॅक्रो आहे का" एवढंच विचारलंय, तिथे पॉइंटर रिकामा आहे का हे सांगणारं छोटं फंक्शन ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्वल्पविरामाची युक्ती लावून पाहिली, ग्रेपने न दाखवलेले बरेच वापर पुढे आले. आता एक शंका: सगळं एका पॅचमध्ये करू की तुकड्यांत? आणि वागणूक बदलली नाही याची खात्री कशी करायची? आमच्या टेस्ट सगळ्या प्रोसेसरवर चालत नाहीत.

प्रतिसाद ३

एका पॅचमध्ये एकच मॅक्रो, आणि प्रत्येक पॅचनंतर बिल्ड झालाच पाहिजे. नाहीतर उद्या गिट बायसेक्ट (बिघाड आणणारा पॅच शोधणारी कमांड) निरुपयोगी ठरेल. मॅक्रो काढताना त्याच पॅचमध्ये फील्डचं नावही बदला, म्हणजे मॅक्रो टाळून थेट बाणाने वाचणारा कोडही सापडेल.

खात्रीसाठी -ओ२ ने, -जी न लावता, पॅचच्या आधी आणि नंतर बिल्ड करा आणि ऑब्जडंप -डी (तयार झालेला मशीन कोड दाखवणारी कमांड) चं आउटपुट ताडून बघा. साधा गेटर (फील्ड वाचणारं फंक्शन) इनलाइन झाला की बहुतेक फाइलींत फरक पडत नाही. असर्टमध्ये ओळ क्रमांक येतो, म्हणून ओळी सरकल्या तर तेवढे आकडे बदललेले दिसतील. बाकी जिथे फरक दिसेल तेवढंच डोळ्यांखालून घाला. ज्या प्रोसेसरवर टेस्ट चालवता येत नाहीत, त्यांच्यासाठी क्रॉस कंपायलरने (दुसऱ्या प्रोसेसरचा कोड बनवणारा कंपायलर) हेच करता येतं.

अजून एक. फील्ड अनसाइन्ड बिटफील्ड असेल आणि गेटर ईनम परत करत असेल, तर स्विचमध्ये राहून गेलेल्या केस-लेबलांबद्दल -डब्ल्यूस्विचच्या नव्या वॉर्निंग येतील. त्या दाबू नका, त्यातल्या काही खरे बग असतात. त्यांच्या दुरुस्त्या मात्र वेगळ्या पॅचमध्ये ठेवा.