अंड्यातील लोह बांधणारे प्रथिन आतड्याची भिंत अखंड ओलांडते का?

प्रश्न
मी जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिनांपैकी सुमारे १२ टक्के ओव्होट्रान्सफेरिन असते आणि त्याच्या दोन पाळ्यांत (रेणूच्या दोन अर्ध्या भागांत) फेरिक, म्हणजे तीन धनभारांच्या, लोहाचा एकेक अणू बसतो. या पांढऱ्या बलकाच्या द्रावणात मी फेरिक सायट्रेटचे थेंब सोडले, तेव्हा ते पाहता पाहता गुलाबी झाले. हे प्रथिन आतड्यातील पेशींवरच्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरला (रक्तातील लोहवाहक प्रथिन पकडणाऱ्या रेणूला) चिकटून लोहासह आत जात असेल, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का?

प्रतिसाद १
तर्क आकर्षक आहे, पण दिशा चुकते आहे. प्रौढ माणसाच्या लहान आतड्यात हा रिसेप्टर मुख्यत्वे पेशीच्या रक्ताकडील बाजूस असतो. अन्नाकडील बाजूस तो जवळजवळ नसतोच. शिवाय जठरातील आम्लात या प्रथिनाची लोहावरील पकड सुटते. मोकळे झालेले फेरिक लोह पेशीच्या पृष्ठभागावर फेरस (दोन धनभारांचे) होते, डीएमटी-१ या वाहकातून आत जाते आणि फेरोपोर्टिन या दुसऱ्या वाहकामार्गे रक्तात उतरते, त्यासाठी प्रथिनाने सोबत जाण्याची गरज नसते. उकडलेल्या अंड्यात तर ते आधीच गोठलेले असते.

प्रतिसाद २
वरील उत्तर लोहापुरते पूर्ण आहे, मात्र प्रथिन स्वतः पलीकडे जाते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी काको-२ पेशी (आतड्याच्या अस्तराचा नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशी) सच्छिद्र पटलावर सुमारे २१ दिवस वाढवतात, वरच्या कप्प्यात प्रथिन घालतात आणि खालच्या कप्प्यात काय उतरले ते तपासतात. आमच्याकडे एकदा प्रथिनाला जोडलेल्या चमकणाऱ्या रंगखुणेचा खाली भरपूर संकेत मिळाला आणि आम्ही हरखून गेलो. परंतु रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पाहिले, तर अखंड प्रथिनाचा सुमारे ७७ किलोडाल्टनचा पट्टा नव्हताच, खाली सारे लहान तुकडे होते. पेशीने प्रथिन पुटिकेत (पटलाच्या सूक्ष्म पिशवीत) ओढून घेतले, तरी त्यातील बराच भाग लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनकप्प्यात, चिरला जातो, त्यामुळे अँटिबॉडीने अखंड रेणू ओळखल्याशिवाय ट्रान्ससायटोसिसचा (पुटिकांतून पेशीच्या आरपार वाहतुकीचा) दावा करू नये.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. पेशींमधल्या फटींतून झालेली गळती आणि पुटिकांमधून झालेली वाहतूक वेगळी कशी ओळखावी?

प्रतिसाद २
तोच प्रयोग ४ अंश सेल्सिअसलाही करा. थंडीत पुटिकांचे काम थांबते, गळती मात्र बऱ्याच अंशी चालू राहते. पटलावरील पेशीथराचा विद्युतरोध प्रयोगाआधी आणि नंतर मोजा. तो घसरला असेल, म्हणजे फटी उघडल्या असतील, तर त्या कप्प्याचे आकडे बाजूला ठेवा. त्यानंतरच क्लॅथ्रिनचा (पुटिका घडवणाऱ्या प्रथिनाचा) मार्ग रोखण्यासाठी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरून पाहा, आणि त्या मात्रेत पेशी जिवंत राहतात, याची खात्री करून घ्या.